नानांच्या जबड्यातले दोन स्क्रू

नाना गेल्याचा फोन जळगावला आमच्या मिलच्या ऑफिसात सकाळी सव्वादहाला आला. मी भांडारात नव्या पट्ट्यांची मोजणी करत होते. धुळ्यातल्या देवपूरहून वहिनींच्या शेजारचे गृहस्थ बोलत होते, एसटीडी बूथवर माणूस बोलतो तसे घाईघाईने. चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा आणेपर्यंत... पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही. हातात होती त्या पावतीच्या पाठीमागे यादी केली. बोदवडला निरोप कोण नेईल, भुसावळला कोणाला फोन करायचा, रजेचा अर्ज, भांडाराच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या. रडायला वेळ मिळाला तो पारोळ्याच्या पुढे, एसटीत, खिडकीकडे तोंड करून. नाना माझे थोरले भाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे.

देवपूरला पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. गेटपाशी स्कूटर लावून तिच्या शेजारी डॉ. वाणी उभे होते. हे दातांचे डॉक्टर. नानांच्या खालच्या जबड्यात त्यांनी दोन स्क्रू बसवले होते आणि त्यातला डावा दोन वर्षांपूर्वी काढावा लागला होता. तो डॉक्टरांच्या हलगर्जीपणानेच गेला असं माझं ठाम मत होतं, आणि ते मत मी भेटेल त्याला सांगत आले होते. आत जाताना डॉक्टर हात जोडून पुढे आले. मी म्हटलं, "आता काय बघायला आलात?" आजूबाजूच्या दोघातिघांनी ऐकलं. डॉक्टर मागे सरकले. थोड्या वेळाने वहिनींनी मला आत बोलावलं. वहिनी सोनगीरच्या, त्या दिवशीसुद्धा त्यांना पाहुण्यांचं भान होतं. म्हणाल्या, "शकू, डॉक्टर येल शेतस. त्यासले पानी दे." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. नानांबद्दल खरं लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते.

नाना धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेत निदेशक होते. लोखंडाची सळई कुठे तुटते, लाकूड किती दाबाला चिरतं, काँक्रीटचा ठोकळा कधी भुगा होतो, हे मुलांना करून दाखवायचं त्यांचं काम. आठवडाभर वस्तू मोडायच्या आणि रविवारी लग्नं लावायची, असं ते स्वतःच म्हणत. आमच्या समाजात ते बौद्धाचार्य म्हणून ओळखले जात. धुळे, जळगाव, मधली सगळी गावं... मंगल परिणय असो, नामकरण असो, नाहीतर कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, नानांना बोलावणं असायचंच. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण शब्द स्वच्छ. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला त्रिसरण-पंचशील अक्षर न् अक्षर ऐकू जाई. वधूवरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेताना ते घाई करू देत नसत. नवरा पुटपुटला तर थांबून म्हणायचे, "हळू म्हणून चालणार नाही दादा, उद्या ही म्हणेल मी ऐकलंच नव्हतं." मांडव हसायचा आणि नवरा मोठ्याने म्हणायचा.

संशय हा आमच्या घरचा गुण. तो आईकडून आला. आई बोदवडकडच्या शेतांत कापूस वेचायला जायची, आणि संध्याकाळी वेचलेला कापूस काट्यावर घालायच्या आधी आपल्या पदरातला एक दगड काट्यावर ठेवायची. त्या दगडाचं वजन तिनं तालुक्याच्या गावी करून घेतलं होतं. काटा बरोबर असेल तर मालकानं रागवायचं कारण नाही, आणि रागावला तर काटा बरोबर नाही, असा तिचा साधा हिशेब. आम्हां दोघांना तिनं एकच सांगितलं, कोणी काही देतो म्हणाला तर आधी ते उलटं करून बघा. नाना हे यंत्रांच्या बाबतीत करायचे, मी माणसांच्या बाबतीत. त्यांच्या घरात ताप मोजायला दोन थर्मामीटर होती, कारण एकावर विश्वास कसा ठेवायचा! माझ्याकडे थर्मामीटर एकच आहे, पण प्रत्येक दुकानदाराबद्दल, मेकॅनिकबद्दल आणि डॉक्टरबद्दल वहीत एक पान आहे.

पन्नाशी उलटताना नानांचे दात हलू लागले आणि पाचसहा वर्षांत सगळे गेले. कवळी आली. वरची टाळूला चिकटून बसायची, तिची तक्रार नव्हती. खालची मात्र राहीना. नानांचं खालच्या जबड्याचं हाड झिजून सपाट झालं होतं, कवळीला धरून बसायला उंचवटाच उरला नव्हता. जीभ हलली की ती उचलली जायची. बोदवडच्या एका लग्नात, भर उन्हाळ्यात, पंचशील सुरू असताना तिसऱ्या शीलाला खालची कवळी सुटली आणि वरच्या दातांवर आपटली. माइकमधून तो आवाज सगळ्या मांडवाने ऐकला. पुढे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. नानांनी पाठ वळवली, कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि उरलेला विधी तसाच, बोळक्या तोंडाने पूर्ण केला. शब्द फसफसत होते. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला आठवतं, त्यांनी एकही ओळ गाळली नाही. पण परतीच्या गाडीत ते म्हणाले, "शके, हे शेवटचं." आणि खरंच, त्यानंतर आलेल्या प्रत्येक बोलावण्याला त्यांनी तब्येतीचं कारण दिलं. रविवार रिकामे गेले. वहिनी म्हणायच्या, घरात माणूस आहे पण आवाज नाही.

अशात धुळ्यात डॉ. वाणींनी दवाखाना उघडला. वय तिशीचं, बाहेर शिकून आलेले. त्यांनी नानांना सांगितलं की खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन बारीक स्क्रू बसवता येतील, त्याला इम्प्लांट म्हणतात. हाड त्यांना धरून घेईल आणि कवळी त्यांच्यावर बटणासारखी बसेल. नानांनी मला फोन केला, मी पुढच्या शनिवारी अकरा प्रश्नांची यादी घेऊन हजर झाले. पहिलाच प्रश्न होता, असे स्क्रू आजवर किती जणांना बसवलेत?

"नाना तिसरे," डॉक्टर म्हणाले.

मी नानांकडे बघितलं. तिसरे! म्हणजे आमच्या भावाच्या तोंडावर हा हात बसवणार. पण नाना पुढे सरकून बसले होते. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. स्क्रूवर कवळी अडकवायची कशी, यात दोन पद्धती होत्या. एक, दोन्ही स्क्रू सोन्यासारख्या धातूच्या दांडीने जोडायचे आणि कवळीतली पकड त्या दांडीवर बसवायची. दुसरी, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक गोळी, आणि कवळीच्या आत तिला धरणारी मऊ रबराची रिंग. नानांनी विचारलं, "चावताना हाडावर जोर कशात कमी येतो?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "खरं सांगू का? पुस्तकांचं यावर एकमत नाही. कोणी म्हणतं दांडी बरी, जोर दोघांत वाटला जातो. कोणी म्हणतं गोळी बरी."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ऐकलंस ना नाना? त्यालाच माहीत नाही."

"म्हणूनच मला तो आवडला," नाना म्हणाले. "माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघतो."

मला काही तो आवडला नाही. वहीत त्यांच्या नावाचं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'तिसरे. माहीत नाही म्हणतात.'

पुढचे दोन महिने नानांनी जे केलं ते त्यांच्या कॉलेजातले लोक अजून सांगतात. प्रयोगशाळेत एक जुनं उपकरण होतं, पारदर्शक वस्तूवर जोर दिला की आत कुठे ताण येतो ते रंगांनी दाखवणारं. दोन काळसर भिंगांच्या मध्ये वस्तू ठेवायची, मागून दिवा लावायचा, वजन टांगायचं. जिथे ताण, तिथे लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या उमटतात. जितक्या दाट पट्ट्या, तितका ताण जास्त. मुलांना ते हुकाचे आणि दातेरी चाकांचे नमुने दाखवायचे. नानांनी डॉक्टरांकडून आपल्याच जबड्याचा साचा आणला आणि पारदर्शक राळेचा जबडा ओतला. त्यात दोन स्क्रू रोवले, वर हिरडीऐवजी पातळ रबर अंथरलं आणि त्यावर कवळी. एकदा दांडीची, एकदा गोळ्यांची. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. दांडीवाल्या कवळीवर मागे एका बाजूला वजन टांगलं की त्या बाजूच्या स्क्रूच्या मानेपाशी पट्ट्या एकदम गर्दी करायच्या. गोळीवाल्या कवळीत त्या विरळ राहायच्या, कारण मऊ रिंग जरा दबते, कवळी हिरडीवर टेकते आणि थोडा भार हिरडी उचलते. नाना पुन्हा पुन्हा सांगायचे, "ही राळ आहे, हाड नाही. हाड जिवंत असतं, ते काय करील ते आपण सांगू शकत नाही. आणि दुसऱ्याच्या जबड्यात कदाचित उलटंही दिसेल." पण निवड त्यांनी केली होती. गोळी आणि मऊ रिंग.

डॉ. वाणीही ते बघायला कॉलेजात आले. भिंगाला डोळा लावून बराच वेळ उभे होते. मग कँटीनमध्ये भजी खात नानांना काहीबाही विचारत राहिले आणि चिठोऱ्यांवर उतरवून घेत राहिले. मला त्यातही वास आला. म्हटलं, हा आपल्या माणसाच्या डोक्यावर आपलं शिक्षण पुरं करतोय. नाना हसले. "शके, तू आईचा दगड झालीस बघ. सगळ्यांच्या काट्यावर जाऊन बसतेस."

स्क्रू बसले, तीनचार महिने हाड धरण्याची वाट पाहिली आणि मग एके दिवशी खालची कवळी टक् आवाज करून जागेवर बसली. नानांनी आरशासमोर उभं राहून 'नमो तस्स' म्हटलं. एकदा, दोनदा, तीनदा. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारात उभ्याच राहिल्या. पुढच्याच महिन्यात नानांनी पारोळ्याला लग्न लावलं. मी मागच्या रांगेत जाऊन बसले, मुद्दाम. अक्षर न् अक्षर ऐकू आलं. त्या दिवशी डॉक्टरांच्या पानावर मी काही लिहिलं नाही. चांगलं लिहायची सवय नव्हती.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. रात्री कवळी काढून ठेवायची, सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, आणि रबराच्या रिंगा झिजतात म्हणून वर्षाच्या आत बदलायच्या. रिंगा बाहेरून यायच्या. पहिल्या वर्षी त्या वेळेवर आल्या. दुसऱ्या वर्षी आल्या नाहीत. डॉक्टरांनी नानांना सांगितलं, मागवल्या आहेत, थोडं थांबा. आणि इकडे वैशाख तोंडावर आला होता. बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम, त्यापुढे ओळीनं पाच लग्नं. कवळी सैल झाली होती, बोलताना किंचित डोलायची. बोदवडचा तो माइक नानांच्या डोक्यातून गेला नसणार, असं आता वाटतं.

त्या सुमारास त्यांचा मिलवर फोन आला. "शके, तुझ्या स्टोअरात अगदी बारीक रबरी रिंगा असतात का गं? प्रयोगाला हव्यात." त्यांनी माप सांगितलं. मी व्हर्नियर लावून बघितलं, मिलच्या कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हमधल्या काळ्या रिंगा तंतोतंत त्या मापाच्या होत्या. जुन्या संचातल्या सहा काढल्या, पाकिटात घातल्या, त्यावर माप लिहिलं आणि धुळ्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवल्या. कॉलेजाचा प्रयोग म्हणजे काहीतरी मशीन असणार, असं मी धरून चालले. जगाला अकरा अकरा प्रश्न विचारणारी मी, त्या दिवशी एकही विचारला नाही. फोनवर पलीकडे नाना होते ना.

वैशाख थाटात पार पडला. सगळी लग्नं नानांनी लावली. पण पावसाळा संपता संपता डाव्या स्क्रूभोवतीची हिरडी सुजली. नाना डाव्या बाजूनेच भाकर चावायचे, त्यामुळे आधी वाटलं तेवढंच असेल. एक्स-रे काढला तर स्क्रूच्या भोवती हाड विरलेलं, काळं वर्तुळ दिसत होतं. डॉक्टरांनी दोन महिने सगळे उपाय केले, पण स्क्रू हलायला लागला आणि काढावाच लागला. मी ऐकलं त्या दिवशी तशीच धुळ्याला गेले. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सातआठ पेशंट बसलेले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून डॉक्टरांना म्हटलं, "तिसऱ्याचं हे केलंत, चौथ्या-पाचव्याचं काय करणार?" डॉक्टरांनी नानांकडे पाहिलं. नाना फरशीकडे बघत होते. "शकू, पुरे कर," एवढंच ते म्हणाले. रस्त्यात म्हणाले, "डॉक्टरचा दोष नाही त्यात." मी म्हटलं, "तुझ्या भिडस्तपणाचा आहे मग." ते पुढे बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

हाड पातळ झालं होतं म्हणून दुसरा स्क्रू लगेच बसवता येत नव्हता, आणि मग हृदयाचं दुखणं सुरू झालं. स्क्रूचं राहूनच गेलं. एका उजव्या गोळीवर कवळी कशीबशी राहायची, बोलताना एका बाजूला कलायची. नानांनी मोठे विधी सोडले. भुसावळच्या एका तरुणाला त्यांनी सगळं शिकवलं आणि त्याच्या शेजारी बसून राहू लागले. तो चुकला तर बोटाने खूण करायचे. आवाज त्याचा, खूण यांची... मला ते बघवायचं नाही. आणि जे बघवत नव्हतं त्याची भरपाई मी तोंडाने करत होते. जळगावात, भुसावळात, बोदवडात, जिथे जिथे कोणाचे दात पडत होते तिथे तिथे मी सांगितलं की धुळ्याला जाऊन स्क्रूच्या भानगडीत पडू नका, माझ्या भावाचं हाड खाल्लं त्यानं. लोक माझं ऐकतात. मी उगाच बोलत नाही, असा लौकिक आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात कॉलेजातले नानांचे सहकारी पवार यांचा निरोप आला, कपाटातल्या वस्तू घेऊन जा म्हणून. मी गेले. मोजपट्ट्या, चष्मा, स्वेटर, आणि एका खोक्यात तो राळेचा जबडा. त्यावर बसवलेल्या कवळीत आत काळ्या रिंगा होत्या. मी भांडारात काम करते. आपल्या संचातली वस्तू मी ओळखते.

"या कशाला घातल्या?" मी विचारलं.

पवारांनी दिवा लावला, जबडा भिंगांमध्ये ठेवला आणि डाव्या बाजूला वजन टांगलं. डाव्या स्क्रूच्या मानेपाशी पट्ट्या इतक्या दाट आल्या की रंग वेगळे ओळखू येईनात. पवार शांतपणे म्हणाले, "रबर कडक आहे ताई. दबत नाही. गोळीला घट्ट धरून बसतं, कवळी हिरडीवर टेकूच देत नाही. सगळा भार स्क्रूवर. स्क्रू काढल्यानंतर नाना आणि डॉक्टर वाणी दोन दिवस इथं बसून हेच बघत होते. तुम्हांला माहीत नव्हतं?"

मी खोकं बांधलं आणि बाहेर आले. माझा पहिला विचार काय होता, तो लिहिलाच पाहिजे. मला वाटलं, डॉक्टरांनीच स्वतःची सुटका करायला हा प्रयोग रचला असेल, नानांना पटवलं असेल. जळगावला आल्यावर मी भांडाराचं रजिस्टर काढलं. रिंगा दिल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती, वैशाखाच्या अगोदर पंधरा दिवस. मग वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "काळ्या ना? हां, त्याच लायेल व्हत्यात. म्हने, शकूनी धाडेल शेतस, पक्क्या शेतस." म्हणजे त्या वैशाखभर नानांच्या तोंडातल्याच कवळीत होत्या. तरी मी रविवारपर्यंत थांबले. मग डॉक्टरांकडे गेले.

दवाखान्यात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. मी यादी नेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "बसा ताई." मी उभीच राहिले. विचारलं, "तुम्ही दोन वर्षं का नाही सांगितलंत?"

"नानांनी शब्द घेतला होता. म्हणाले, शकूनं त्या रिंगा दिल्या हे तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. डॉक्टर, तुम्हांला ती शिव्या देईल, पण चार दिवसांत विसरेल."

"मी विसरले नाही."

"हो," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदाच थोडे हसले. "ते नानांचं चुकलं." मग म्हणाले, "माझंही चुकलं. रिंगा नव्हत्या तेव्हा मी नुसतं थांबा म्हटलं. दुसऱ्या कसल्याही घालू नका, हे बजावून सांगायला हवं होतं. मला वाटलं, नानांना काय सांगायचं, त्यांनीच तर मला शिकवलं."

"आणि मला सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

मी खरं ते उत्तर दिलं. नाही.

नाना चांगले होते, असं म्हणून हा लेख संपवणं सोपं आहे. ते चांगले होतेच. पण माझा संशय त्यांच्यापाशीही थांबत नाही. मला वाचवायला त्यांनी दुसऱ्या माणसाचं नाव खराब होऊ दिलं. ही माया होती, की प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या माणसाला, मी न तपासता रबर तोंडात घातलं, हे कबूल करायची लाज? प्रत्येक वस्तू मोडेपर्यंत ताणून बघणारे नाना, बहिणीनं पाठवलेली रिंग मात्र तशीच घालून बसले. तिचा जोर त्यांनी आधी का नाही बघितला? मला एकच उत्तर सुचतं, आणि ते फार जड आहे. आमच्या घरात दोघांनीही ज्याची तपासणी कधी केली नाही, ते म्हणजे आम्ही दोघं.

डॉक्टरांकडे पूर्वेकडचे, म्हणजे भुसावळ-बोदवडचे पेशंट गेल्या दोन वर्षांत जवळपास आलेच नाहीत, हे मी त्यांच्या मदतनीस बाईंकडून काढून घेतलं. ते स्वतः बोलले नाहीत. म्हणून मी घरी येऊन यादी केली. ज्या ज्या घरी मी ते बोलले होते, तेवढी घरं आठवून लिहिली. एकोणीस निघाली. एखाददुसरं विसरलंही असेल, त्यांच्यासाठी हा लेख. बाकीच्यांकडे मी स्वतः जाते आहे, सुटीच्या दिवशी, पायी किंवा गाडीने. बसते, पाणी घेते, आणि सांगते की रिंग माझी होती. काही जण म्हणतात, जाऊ द्या हो, झालं ते झालं. काही जण माझ्याकडे जरा निराळं बघतात. ते बरोबरच आहे.

गेल्या रविवारी बोदवडला जनाआक्कांकडे गेले होते. वय सत्तरीच्या पुढे, खाली एकही दात नाही. त्या ओट्यावर बसून दुधात भाकर कुस्करत होत्या. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ताटलीतला घास बोटांनी दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या डॉक्टरनं काई केलं नव्हतं?"

"नाही आक्का."

"माह्या पोरानं मले धुळ्याले न्यायाचं ठरवलं होतं. तू नको म्हनली म्हनून म्या नही गेली. दोन वर्सं झाले, म्या दुधातच खाते." आवाजात राग नव्हता. त्यांनीच विचारलं, "मंग आता जाऊ?"

मी म्हटलं, जा. मग म्हटलं, मीच येते सोबत, पुढच्या रविवारी, सकाळच्या गाडीने. डॉक्टरांना सगळं नीट विचारून घेऊ, हाड कसं आहे, रिंगा वेळेवर मिळतील का, नाही मिळाल्या तर काय करायचं... सवयीनं माझा हात पिशवीतल्या वहीकडे गेला.

आक्कांनी घास तोंडात घातला, हिरड्यांनी सावकाश चघळला आणि गिळला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "ये. पन तठी तू काई बोलू नको. मी बोलीन. तोंड माह्यं हाये."